एडी लिओनिसचं चुंबकीय क्षेत्र: ३ किलोगॉस की १९० गॉस?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही लाल बटू ताऱ्यांचा, म्हणजे सूर्यापेक्षा लहान आणि थंड लालसर ताऱ्यांचा, तक्ता करताय आणि त्यांतल्याच एडी लिओनिसपाशी अडलात. एका शोधनिबंधात या ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ३ किलोगॉस दिलंय, दुसऱ्यात १९० गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, किलोगॉस म्हणजे हजार गॉस). दोन्ही निबंध जाणत्या मंडळींचे, दोन्हींत त्रुटीची मर्यादा लहान, आणि तरी फरक पंधरापटीचा. यातला खरा आकडा कोणता, की दोन्हींची सरासरी घ्यावी, हा तुमचा मुख्य प्रश्न. जोडीला दुसरा: सूर्याच्या जेमतेम साठ टक्के तापमान असलेला हा तारा सूर्यापेक्षा इतका खवळलेला का?

सरासरी कृपया घेऊ नका. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते एकाच राशीचे नाहीत. त्यांची सरासरी काढलीत तर हाती येणाऱ्या संख्येला काहीच भौतिक अर्थ नसेल. कोणतं मोजमाप चुकलं हे शोधत बसण्यापेक्षा कोणत्या मोजमापाला ताऱ्यावरचं नेमकं काय दिसतं, हे पाहायला हवं. मी बरीच वर्षं याच ताऱ्यांचे वर्णपट हाताळतेय आणि या विषयात नव्याने येणारे बहुतेक जण याच जागी अडखळतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन्ही पद्धतींचं मूळ एकच, झीमान परिणाम. अणू चुंबकीय क्षेत्रात असला की त्याची एक वर्णरेषा फुटून अनेक होतात, हे पीटर झीमान यांनी १८९६ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं. १९०८ मध्ये जॉर्ज हेल यांनी माउंट विल्सन वेधशाळेतून सौरडागांच्या वर्णपटात हाच परिणाम पाहिला आणि सूर्याच्या डागांत हजारो गॉसचं क्षेत्र असतं हे सिद्ध केलं. पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असतं, त्यावरून अंदाज करा. सूर्याच्या बाबतीत सोय अशी की त्याचं बिंब आपल्याला तुकड्यातुकड्याने पाहता येतं. दुर्बीण डागावर रोखली की फक्त डागाचा प्रकाश मिळतो. एडी लिओनिस आपल्यापासून सोळा प्रकाशवर्षांवर आहे आणि कुठल्याही दुर्बिणीतून तो एक बिंदूच. त्याच्यावरचे डाग, डागांमधली उजळ जागा, उत्तर ध्रुवीयतेचे पट्टे, दक्षिण ध्रुवीयतेचे पट्टे, सगळ्यांचा प्रकाश एकाच वर्णपटात मिसळून येतो. या मिसळीतून काय वेगळं काढता येतं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

पहिली पद्धत रेषांच्या रुंदीची. इतक्या मिसळीत रेषा फुटलेली स्पष्ट दिसत नाही, ती नुसती फुगलेली दिसते. पण रेषा इतरही कारणांनी फुगते: वायूचं तापमान, खळबळ, ताऱ्याचं परिवलन, आणि उपकरणाची स्वतःची मर्यादा. मग चुंबकीय फुगवटा ओळखायचा कसा? इथे तुलना कामी येते. प्रत्येक रेषेची चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देण्याची क्षमता वेगळी असते, तिला लँडे गुणक म्हणतात. गुणक मोठा असलेली आणि लहान असलेली रेषा एकाच वर्णपटात शेजारी ठेवून पाहिली, तर बाकीची सगळी कारणं दोघींना सारखीच लागू होतात. उरलेला फरक चुंबकीय क्षेत्राचा.

याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण म्हणजे ९६४ ते ९७९ नॅनोमीटरच्या पट्ट्यातल्या टायटॅनियमच्या रेषा. या सगळ्या एकाच कुटुंबातल्या, ताऱ्याच्या वातावरणात जवळपास एकाच थरात तयार होणाऱ्या. त्यांच्यातली ९७४ नॅनोमीटरजवळची एक रेषा अशी आहे की तिचा लँडे गुणक शून्य आहे. चुंबकीय क्षेत्र कितीही असो, ती फुटत नाही. एडी लिओनिसचा वर्णपट पडद्यावर उघडला की ही रेषा अरुंद, खोल, टोकदार दिसते. तिच्या बहिणींचे मात्र खांदे पसरलेले आणि तळ उथळ झालेला असतो. सूर्यासारख्या शांत ताऱ्याच्या वर्णपटात या बहिणींना असे खांदे नसतात. लँडे गुणक १ आणि क्षेत्र ३ किलोगॉस धरलं, तर या तरंगलांबीला रेषेचे बाजूचे घटक मध्यापासून सेकंदाला सुमारे ४ किलोमीटर वेगाएवढे सरकतात. एडी लिओनिसच्या परिवलनामुळे होणारा पसारा सेकंदाला ३ किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे चुंबकीय परिणाम डोळ्यांना दिसावा इतका मोठा आहे. हीच गोष्ट ५०० नॅनोमीटरला, दृश्य प्रकाशात करायला गेलात तर सरकणं निम्म्यावर येतं, कारण वेगाच्या मापात ते तरंगलांबीच्या प्रमाणात वाढतं. थंड तारे अवरक्तात जास्त उजळ असतात आणि झीमान परिणामही अवरक्तातच जास्त दिसतो, हा या क्षेत्रातला फार मोलाचा योगायोग आहे. कार्मेनेस आणि स्पिरू यांसारखी वर्णपटमापकं अवरक्तात चालतात ती मुळात ग्रहशोधासाठी, पण त्याचा आम्हाला भरपूर फायदा झाला. अडचण एकच: याच पट्ट्यात पृथ्वीच्या हवेतल्या बाष्पाच्याही रेषा गर्दी करतात. त्या नीट काढल्याशिवाय टायटॅनियमच्या खांद्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

या पद्धतीने एडी लिओनिसचं क्षेत्र १९८५ मध्येच मोजलं गेलं. तेव्हा २.२ मायक्रॉनजवळच्या टायटॅनियमच्या रेषा वापरल्या होत्या आणि निष्कर्ष होता की पृष्ठभागाच्या ७३ टक्के भागावर ३.८ किलोगॉसचं क्षेत्र आहे. या दोन संख्यांचा गुणाकार केलात तर २.८ किलोगॉस येतात. पुढच्या काळात वेगळ्या उपकरणांनी, वेगळ्या रेषांवरून केलेली मोजमापं ३ किलोगॉसच्या आसपासच आली. एक बारकावा लक्षात ठेवा: क्षेत्राची तीव्रता आणि त्याने व्यापलेला भाग हे दोन आकडे वर्णपटातून वेगवेगळे काढणं अवघड असतं. थोड्या भागावर जास्त तीव्र क्षेत्र आणि जास्त भागावर कमी तीव्र क्षेत्र, दोन्ही जवळपास सारखाच फुगवटा देतात. गुणाकार मात्र पक्का असतो. म्हणून मी स्वतः गुणाकारावर भर देते, आणि कुणी व्यापलेला भाग दशांशचिन्हापर्यंत दिला असेल तर तो आकडा जपून वापरते.

तुमचा ३ किलोगॉसचा आकडा आला तो असा. आता १९० गॉसकडे वळू.

दुसरी पद्धत ध्रुवीकरणाची. झीमान परिणामाने फुटलेल्या रेषेचे दोन बाजूंचे घटक वर्तुळाकार ध्रुवित असतात, एक उजवीकडे फिरणारा, एक डावीकडे. क्षेत्र आपल्या दिशेने असेल तर एक क्रम, आपल्यापासून दूर जाणारं असेल तर उलटा. दोन्ही प्रकारच्या प्रकाशाची वजाबाकी केली की क्षेत्राची दिशाही कळते, जी पहिल्या पद्धतीत कळत नाही. तारा फिरतो तसे त्याचे वेगवेगळे भाग आपल्याकडे येतात आणि दूर जातात. डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे वेगानुसार तरंगलांबी सरकत असल्यामुळे, प्रत्येक भागाचा ठसा रेषेच्या वेगळ्या जागी पडतो. एक-दोन परिवलनं ताऱ्याचा असा पाठलाग केला की चुंबकीय क्षेत्राचा नकाशाच बांधता येतो. याला झीमान-डॉप्लर प्रतिमांकन म्हणतात. तुमच्या दुसऱ्या निबंधातला आकडा याच पद्धतीने, २००७-०८ च्या निरीक्षणांवरून आलेला आहे.

पण या वजाबाकीतच मेख आहे. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत एकात क्षेत्र बाहेर येणारं आणि दुसऱ्यात आत जाणारं असेल, तर दोघांचं ध्रुवीकरण एकमेकांना खोडतं. सूर्यावर डाग जोड्यांनी येतात, एक उत्तर ध्रुवीयतेचा, एक दक्षिण. दुरून पाहणाऱ्याला अशी जोडी ध्रुवीकरणात जवळपास दिसणारच नाही. फुगवट्याच्या पद्धतीत मात्र दिशेचा प्रश्नच नसतो, तिथे दोन्ही पट्टे मिळवले जातात. एखाद्या बँक खात्यात वर्षभरात झालेली उलाढाल आणि वर्षाअखेरची शिल्लक यांत जसा फरक, तसाच हा. उलाढाल लाखोंची आणि शिल्लक काही हजारांची असू शकते. दोन्ही आकडे खरे असतात आणि त्यांची सरासरी कुणी काढत नाही.

म्हणजे ३ किलोगॉस हे पृष्ठभागावरच्या सगळ्या क्षेत्राचं, गुंतागुंतीच्या बारीक रचनांसकट, सरासरी परिमाण आहे. १९० गॉस म्हणजे त्यातून खोडाखोड होऊन उरलेली मोठ्या आकाराची रचना, ढोबळमानाने ताऱ्याचा द्विध्रुव (पट्टीचुंबकासारखं दोन ध्रुवांचं क्षेत्र) आणि त्याच्या जवळपासचं. एडी लिओनिसच्या बाबतीत हा भाग सहा-सात टक्के भरतो. हे प्रमाण सगळीकडे सारखं नसतं आणि त्याला नियम समजू नका. डब्ल्यूएक्स उर्से मेजोरिस या ताऱ्याचं एकूण क्षेत्र ७ किलोगॉसच्या पुढे जातं, आजवर लाल बटूंमध्ये मोजलेल्या सर्वांत तीव्र क्षेत्रांपैकी ते एक आहे, आणि त्याची मोठी रचना १ किलोगॉसच्या आसपास. प्रॉक्झिमा सेंटॉरीचं एकूण क्षेत्र ६०० गॉसच्या घरात आणि मोठी रचना २०० गॉस, म्हणजे चक्क एक तृतीयांश.

ध्रुवीकरणाच्या आकड्याला आणखीही काही गोष्टी लागू होतात. डाग काळे असतात, म्हणजे त्यांच्याकडून प्रकाशच कमी येतो आणि त्यांच्यातलं क्षेत्र हिशेबात कमी धरलं जातं. ताऱ्याचा अक्ष आपल्याकडे कसा कललेला आहे यावर किती पृष्ठभाग दिसतो हे ठरतं. एडी लिओनिसचा ध्रुव जवळजवळ आपल्याकडेच रोखलेला आहे, त्यामुळे दुसऱ्या गोलार्धाचा बराच भाग आपल्याला कधीच दिसत नाही. आणि काळ! मोठी रचना काही वर्षांत बदलते. याच ताऱ्याच्या २०१६ नंतरच्या निरीक्षणांत ध्रुवीकरणाचा ठसा आधीपेक्षा वेगळा आला. म्हणून वर्ष न सांगता दिलेला असा आकडा माझ्या लेखी अर्धवट असतो.

रुंदीच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. तारा वेगाने फिरत असेल, सेकंदाला वीस-तीस किलोमीटर, तर परिवलनाचा पसारा चुंबकीय फुगवटा गिळून टाकतो. अशा वेळी आम्ही रुंदीऐवजी रेषेच्या एकूण शोषणाकडे पाहतो. गडद रेषा चुंबकीय क्षेत्राने फुटली की तिचं एकूण शोषण वाढतं, आणि ही वाढ परिवलनाने पुसली जात नाही. इथेही टायटॅनियमची ती शून्य गुणकाची रेषा उपयोगी पडते, कारण ताऱ्यात टायटॅनियम किती आहे याचा अंदाज तिच्यावरून स्वतंत्रपणे येतो. अगदी थंड ताऱ्यांत रेणूंच्या रेषा इतक्या दाटतात की अणूंची एकटी रेषा मिळणंच मुश्कील होतं. तिथे लोह हायड्राइडच्या, ९९० नॅनोमीटरजवळच्या रेषांवर भिस्त ठेवावी लागते.

आता या दोन आकड्यांची सांगड ताऱ्याच्या प्रत्यक्ष वागण्याशी कशी लागते ते पाहू. तुमचा दुसरा प्रश्न इथेच येतो.

ताऱ्याचं तापमान आणि त्याची चुंबकीय खळबळ यांचा तुम्ही धरलाय तसा सरळ संबंध नाही. ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते आतल्या वायूच्या अभिसरणातून आणि परिवलनातून, यालाच डायनॅमो म्हणतात. वायू वर येतो, थंड होतो, खाली जातो, आणि तारा फिरत असल्यामुळे या हालचालींना पीळ पडतो. विद्युतवाहक वायूच्या अशा पीळदार हालचाली क्षेत्र वाढवत नेतात. सूर्याच्या विषुववृत्ताला एक फेरी घ्यायला सुमारे २५ दिवस लागतात, एडी लिओनिसला सव्वादोन. शिवाय लाल बटूंमध्ये वायूला वरखाली व्हायला सूर्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, म्हणून एका आवर्तनात परिवलनाला पीळ घालायला भरपूर अवसर मिळतो. परिवलनकाळाला या अभिसरणकाळाने भागलं की जी संख्या मिळते तिला रॉस्बी अंक म्हणतात. तो जितका लहान तितकी खळबळ जास्त. अंक साधारण ०.१ च्या खाली गेला की मात्र वाढ थांबते. तिथे ताऱ्याच्या एकूण प्रकाशाचा हजारावा भाग क्ष-किरणांत बाहेर पडतो. सूर्याच्या बाबतीत हे प्रमाण दहा लाखांत एक किंवा त्याहूनही कमी आहे. एडी लिओनिस या संपृक्त गटातला.

लाल बटू खवळलेले राहतात तेही फार काळ. तारा आपल्या चुंबकीय वाऱ्यामार्फत परिवलन हळूहळू गमावतो. सूर्यासारख्या ताऱ्यांचा परिवलनवेग वयाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो हे १९७२ मध्ये स्कुमानिच यांनी दाखवलं. लहान लाल बटूंना हे मंदावणं फार सावकाश जमतं. लाल बटूंना एम प्रकार म्हणतात आणि पुढचा अंक मोठा तितका तारा थंड आणि लहान: एम० प्रकारचे तारे साधारण अब्जभर वर्षांत निवळतात, एम७ प्रकारचे सात-आठ अब्ज वर्षं खवळलेले राहू शकतात.

इथे एक कोडं होतं, आणि मला वाटतं ते अजून पुरतं सुटलेलं नाही. सूर्याच्या आत, त्रिज्येच्या सुमारे सत्तर टक्क्यांवर, प्रारणाने ऊर्जा वाहणारा आतला भाग संपतो आणि अभिसरणाचा थर सुरू होतो. या सीमेवर परिवलनाचा वेग झपाट्याने बदलतो आणि सूर्याच्या डायनॅमोत या पातळ थराचा मोठा वाटा असावा असं बरीच वर्षं मानलं गेलं. पण सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे ३५ टक्क्यांपेक्षा लहान तारे गाभ्यापर्यंत पूर्ण अभिसरणाचे असतात. त्यांच्यात ही सीमाच नाही. मग त्यांचं क्षेत्र दुबळं आणि विस्कळीत असायला हवं होतं. २००६ मध्ये व्ही३७४ पेगासी या पूर्ण अभिसरणाच्या ताऱ्याचा नकाशा आला आणि त्यात दिसलं ते परिवलनाच्या अक्षाशी जुळणारं, तीव्र, सुबक द्विध्रुवी क्षेत्र. २०१६ मध्ये असंही दिसलं की संथ फिरणारे पूर्ण अभिसरणाचे तारेसुद्धा क्ष-किरण आणि परिवलन यांचा सूर्यासारख्या ताऱ्यांचाच नियम पाळतात. त्यामुळे ती सीमा अनिवार्य नाही, असं मानायला आता भरपूर आधार आहे.

तुमच्या तक्त्याच्या दृष्टीने सर्वांत बोलकं उदाहरण मला तिमिंगल तारकासमूहातल्या जोडताऱ्याचं वाटतं: बीएल सेटी आणि यूव्ही सेटी. आपल्यापासून पावणेनऊ प्रकाशवर्षांवर, दोघे एकाच वेळी जन्मलेले, दोघांचं वस्तुमान सूर्याच्या आठव्या भागाच्या आसपास, दोघांची फेरी पाव दिवसाच्या आतबाहेर. कागदावर हे जुळे आहेत. २०१७ मध्ये दोघांचे नकाशे प्रसिद्ध झाले. यूव्ही सेटीची मोठी रचना तीव्र आणि अक्षाशी जुळणाऱ्या द्विध्रुवाची, बीएल सेटीची तिच्या जेमतेम चौथ्या हिश्शाची आणि अक्षाभोवती बेढब. पण रुंदी-शोषणाच्या पद्धतीने मोजलेलं एकूण क्षेत्र मात्र दोघांचं तुल्यबळ, अनुक्रमे साडेसहा आणि पाच किलोगॉसच्या आसपास. वस्तुमान, वय, परिवलन सगळं सारखं असूनही एकूण क्षेत्राची मांडणी दोन तऱ्हांनी होऊ शकते. दोन्ही आकडे जवळ नसते तर हा फरक कुणाला कळलाच नसता. अगदी लहान लाल बटूंत अशी दोन टोकं इतरत्रही दिसतात. एक शक्यता अशी की डायनॅमोच्या दोन स्थिर अवस्था आहेत, दुसरी अशी की तारे एकाच लांब चक्राच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर आहेत. मला व्यक्तिशः पहिली जास्त पटते, पण दुसरी फेटाळायला लागतील तितक्या वर्षांची निरीक्षणं अजून जमलेली नाहीत.

मग तुम्ही कोणता आकडा वापरायचा? ते तुम्हाला त्याचं काय करायचंय यावर आहे. ताऱ्याच्या क्ष-किरणांचा, वर्णावरणातून, म्हणजे पृष्ठभागाच्या वरच्या तापलेल्या थरातून, येणाऱ्या हायड्रोजनच्या आणि कॅल्शियमच्या उत्सर्जनाचा विचार करत असाल तर एकूण क्षेत्र घ्या. तापलेल्या वायूला ऊर्जा पुरवतात त्या बारीक रचनाच, आणि या उत्सर्जनाशी एकूण क्षेत्राचं नातं घट्ट आहे. ताऱ्याचा वारा, त्यामुळे परिवलनाला बसणारी खीळ, किंवा ग्रहापाशी पोचणारं क्षेत्र हा विषय असेल तर मोठी रचना घ्या. बारीक रचनांचं क्षेत्र उंचीबरोबर झपाट्याने विरतं, दूरवर पोचतो तो द्विध्रुवच. ३ किलोगॉस घेऊन ग्रहापाशी किती क्षेत्र पोचेल याचा हिशेब केलेले विद्यार्थ्यांचे प्रकल्प मी पाहिलेत. तिथे उत्तर दहापटींनी फुगतं.

ज्वालांच्या, म्हणजे ताऱ्यावर अचानक होणाऱ्या ऊर्जेच्या उद्रेकांच्या, बाबतीत मी सावध राहीन. क्षेत्र कमी म्हणजे तारा शांत, असं समीकरण मांडू नका. प्रॉक्झिमा घ्या. फेरीला सुमारे ९० दिवस, क्षेत्र एडी लिओनिसच्या पाचव्या भागाचं. तरी मार्च २०१६ मध्ये तिच्यावरची एक ज्वाला इतकी मोठी होती की तारा दृश्य प्रकाशात तात्पुरता ६८ पटींनी उजळला. एरवी दुर्बिणीशिवाय न दिसणारा हा तारा त्या वेळी काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांच्या टप्प्यात आला असता. १ मे २०१९ च्या ज्वालेत अतिनील प्रकाश काही सेकंदांत सुमारे १४,००० पटींनी वाढला. बर्नार्डचा तारा तर वयोवृद्ध, फेरीला १४५ दिवसांच्या आसपास घेणारा. त्याच्यावरही १९९८ मध्ये ज्वाला दिसली. सरासरी क्षेत्रावरून ज्वाला साधारण किती वेळा उठतील याचा अंदाज येतो, पण एकेका ज्वालेचं भाकीत करता येत नाही.

डागांची गोष्ट याहून फसवी. सूर्यासारख्या ताऱ्यांत डाग आणि आजूबाजूचा भाग यांच्या तापमानात हजार-दोन हजार अंशांचा फरक असतो, एम४ प्रकाराच्या आसपास तो काहीशे अंशांवर येतो. त्यामुळे लाल बटूची तेजस्विता फिरताना फारशी हलली नाही, तर त्यावर डागच नाहीत असं समजू नका. डाग फिकट असतील, सगळीकडे सारखे विखुरलेले असतील, किंवा ध्रुव आपल्याकडे असल्याने ते कायमच समोर असतील. टेस किंवा केपलर या अवकाश दुर्बिणींच्या सपाट तेजवक्रावरून (काळानुसार तेजस्वितेच्या आलेखावरून) निष्क्रिय ठरवलेला तारा मी तरी हायड्रोजनची रेषा पाहिल्याशिवाय तसा मानत नाही.

तुमचा तक्ता शेवटी ग्रहांकडे जाणार असेल, तर हा मुद्दा जास्तच जपा. डागांमुळे रेषेचा आकार बदलतो आणि ताऱ्याचा वेग खोटाच बदलल्यासारखा दिसतो, जणू एखाद्या ग्रहाच्या ओढीने. ग्लिज ५८१ भोवतीचा ‘डी’ ग्रह, ६६ दिवसांच्या कक्षेचा, जीवसृष्टीला योग्य म्हणून गाजला होता. २०१४ मध्ये दाखवलं गेलं की तो काळ ताऱ्याच्या सुमारे १३० दिवसांच्या परिवलनाच्या निम्मा आहे आणि तो संकेत ताऱ्याच्या पृष्ठभागाचा असण्याचीच शक्यता जास्त. बर्नार्डच्या ताऱ्याभोवती २०१८ मध्ये जाहीर झालेल्या २३३ दिवसांच्या ग्रहाचंही असंच झालं. पुढच्या निरीक्षणांत तो टिकला नाही, पण २०२४ मध्ये त्याच ताऱ्याभोवती ३.१५ दिवसांचा छोटा ग्रह मिळाला. वातावरणाच्या अभ्यासातही हीच पंचाईत. थंड डागांत पाण्याची वाफ टिकू शकते, अगदी सूर्याच्या डागांतही ती १९९५ मध्ये सापडली. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने ग्लिज ४८६ बी हा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना, म्हणजे त्याच्या अधिक्रमणात, पाण्याच्या वाफेसारख्या खुणा पाहिल्या, आणि निरीक्षकांनी तेव्हाच सांगितलं की ही वाफ ग्रहाची की ताऱ्याच्या डागांची हे त्या निरीक्षणांवरून ठरत नाही.

थोडक्यात उजळणी करते: रुंदी किंवा शोषणावरून काढलेला आकडा म्हणजे सगळं क्षेत्र, दिशेची पर्वा न करता. ध्रुवीकरणावरून काढलेला म्हणजे खोडाखोडीनंतर उरलेली मोठी रचना. एडी लिओनिसला दोन्ही लागू.

तक्त्यात क्षेत्रासाठी एकाऐवजी दोन स्तंभ करा. शोधनिबंधात ‘स्टोक्स आय’ (एकूण प्रकाश) लिहिलेलं असेल तर आकडा पहिल्या स्तंभात, ‘स्टोक्स व्ही’ (वर्तुळाकार ध्रुवीकरण) किंवा झीमान-डॉप्लर प्रतिमांकन असेल तर दुसऱ्यात. प्रत्येक आकड्याशेजारी निरीक्षणाचं वर्ष लिहा, निबंध छापला गेल्याचं नको, दोन्हींत कधीकधी बरीच वर्षं जातात. परिवलनकाळ आणि अक्षाचा कल यांना वेगळे रकाने द्या, त्यांच्याशिवाय दुसरा स्तंभ नीट वाचता येत नाही. बऱ्याच ताऱ्यांचा एकच आकडा मिळेल, विशेषतः पहिल्या स्तंभाचा, कारण ध्रुवीकरणाची निरीक्षणं वेळखाऊ आहेत आणि तारा उजळ असावा लागतो. तिथे एडी लिओनिसचं सहा-सात टक्क्यांचं प्रमाण लावून दुसरा आकडा भरायचा मोह होईल. प्रॉक्झिमाला ते प्रमाण लावलं असतं तर उत्तर पाचपट चुकलं असतं. अशा ताऱ्यांचा दुसरा रकाना कोराच ठेवा.